फेरीच्या धक्क्यावर गव्हाचा गोळा

आमच्या गावात बांधावर गळ टाकून बसलेल्या माणसाला 'गावले काय?' असं विचारलं, म्हणजे मासे मिळाले का असं विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. तो पाण्यावरची नजर न काढता 'ना' म्हणतो. शेजारी ठेवलेली पिशवी आपोआप हलत असली तरी 'ना'च म्हणतो. विचारणाराही मग 'पाणीच बरां ना आज', म्हणजे आज पाणीच ठीक नाही, असं काहीतरी पुटपुटून पुढे जातो, कारण पिशवी हललेली त्याने पाहिलेली असते आणि उद्या त्यालाही कुणाला तरी 'ना' म्हणायचं असतं. पिशवीच्या तोंडाशी तांबड्या भाजीची एक जुडी खोचलेली असते. आपण भाजी आणायला गेलो होतो असं माणसाने दाखवायचं आणि गावाने ते मानायचं. तासाभराने त्याच्या घरातून तळलेल्या चोणकाचा वास येतो. चोणक म्हणजे वर रत्नागिरी-रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो. त्या वासाबद्दल कुणी काही विचारत नाही.

आमचं गाव पेडणे तालुक्यातलं, हळर्णकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शापोरा नदीच्या काठचं. 'आमचं' म्हणताना मी अजून थोडी अडखळते. बाबा मूळचे दोडामार्गकडचे. लग्नानंतर इथे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले आणि डिचोलीच्या खाणीवर खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले. गावात त्यांना सगळे 'ड्रायवर' म्हणत. वीस वर्षं राहूनही त्यांना नावाने हाक मारणारं इथे कुणी नव्हतं.

खाणी बंद झाल्या तेव्हा मालकाने ट्रक विकला. बाबा घरी आले ते दोन वस्तू घेऊन. एक, ड्रायव्हरच्या सीटवर घालतात ते लाकडी मण्यांचं आसन. दुसरी, अर्धं कोरं राहिलेलं ट्रिपबुक. आई पार्सेच्या काजूबागेत कामाला जायची, मी कॉलेजात जायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दिवसभर खोलीत बसून राहायचे आणि रस्त्यावरून अवजड गाडी गेली की उठून दारात यायचे, गिअर कुठला टाकलाय ते ऐकायला.

मग एक दिवस त्यांनी म्हापशाच्या बाजारातून गळ आणि दोरी आणली.

गळाला बसणं ही आमच्या गावात मानाची गोष्ट आहे. संध्याकाळी बांधावर चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचा दगड ठरलेला. मानस म्हणजे शेतातलं पाणी नदीत सोडायचा लाकडी दरवाजा, त्याच्या खालच्या अंगाला हे दगड आहेत. त्यातल्या मोठ्या दगडावर निवृत्त मास्तर बसायचे. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी उजळणी शिकवली, मलाही. हिला पुढे शिकवा, हिचं डोकं चांगलं आहे, असं बाबांना घरी येऊन सांगणारेही तेच. त्यांच्या उजवीकडे पिठाच्या गिरणीवाला. डावीकडे बोटीवर नोकरी करून परतलेला एक जण, जो प्रत्येक गोष्टीत जगाचा दाखला द्यायचा. बाबा आपलं मण्यांचं आसन घेऊन तिथे गेले तेव्हा कुणी 'बस' म्हटलं नाही आणि कुणी 'ऊठ' म्हटलं नाही. पण बसायला दगड नव्हता, म्हणून ते खाली चिखलाच्या कडेला बसू लागले.

बाबांच्या पद्धतीतही चूक होती, हे मी मान्य केलं पाहिजे. ते गळाला बसायला ड्यूटीसारखे जायचे. सकाळी आठला डबा घेऊन निघायचे, एक ते दोन जेवणाची सुट्टी, पाचला परत. डोंगरातला माणूस. त्यांच्या गावच्या नदीला एकच दिशा ठाऊक. इथली नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते आणि त्याची वेळ रोज पुढे सरकते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नीट माहीत नव्हतं. भूगोलात वाचलं होतं, पण ते समुद्राबद्दल होतं. बांधावरच्या लोकांना बाबांची चूक पहिल्या दिवशी कळली असणार. पुष्कळदा ते चिखल उघडा पडलेला असताना गळ टाकून बसत आणि पाणी भरून यायला लागलं की पाच वाजले म्हणून उठत. वर दगडांवरचे सगळे त्याच वेळी येऊन बसत. जाता-येता भेट व्हायची. 'गावलां काय, ड्रायवर?' ते विचारायचे. बाबा खरं सांगायचे, 'नाय हो.' बांधावर खरं सांगणारा तो एकटा माणूस होता, आणि त्याच्या पिशवीत खरोखरच काही नसायचं.

एकदा मी कॉलेजातून येताना पाहिलं. बाबा पुढे निघाले होते आणि त्यांच्या पाठीमागे गिरणीवाला हातातल्या काल्पनिक स्टेअरिंगने नदी वळवून दाखवत होता. बाकीचे हसत होते. मास्तर हसत नव्हते, पण त्यांनी त्याला थांबवलंही नाही. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं आणि उत्तर नको म्हणून चालू लागले.

त्याच सुमारास आमच्या मॅडमनी प्रकल्प दिला. विषय होता 'माझ्या गावातलं पारंपरिक ज्ञान'. चांगला प्रकल्प कॉलेजच्या वार्षिक अंकात छापणार होत्या. कुणी काजूच्या भट्टीवर घेतला, कुणी औषधी पाल्यावर. मी गळाच्या मासेमारीवर घेतला. मॅडमना वाटलं मला परंपरेची ओढ आहे. खरं कारण एवढंच होतं की बांधावरचे लोक बाबांना जे सांगत नव्हते ते प्रकल्पाच्या निमित्ताने मला सांगतील, आणि मी ते घरी नेईन. कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र घेऊन मी गेले. पत्राचा मला फार भरवसा होता.

माझं स्वागत इतकं चांगलं झालं की मी भारावूनच गेले. गिरणीवाल्याने स्वतःचा दगड पुसून मला बसायला दिला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर्गात महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते असंच करायचे.

"लिवन घे, बाय," ते म्हणाले. "एक, जागा. खरो मासो फेरीच्या धक्क्यार. आमचे गुडघे दुखतत, थंय उतराक जमना, म्हणान आमी हंय बांधार बसतों. दोन, आमिस. गव्हाच्या पिठाचो गोळो, चिमटभर हळद घालून. तीन, वेळ. माश्याक घड्याळ नसता. सकाळी निवांत जावचां, निवांत बसचां."

पीठ बारीक दळलेलं हवं, जाडं चालत नाही, अशी भर गिरणीवाल्याने घातली. बोटीवरच्याने सांगितलं की तो सगळ्या बंदरांत फिरलाय आणि सगळीकडे मासा गव्हावरच येतो. मी तेही लिहून घेतलं. वहीची सात पानं भरली. प्रत्येक पानाखाली मी माहिती देणाऱ्याचं वय आणि अनुभवाची वर्षं लिहिली, मॅडमनी तसं करायला सांगितलं होतं म्हणून. निघताना मी मास्तरांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो हात जरा जास्त वेळ राहिला असं मला नंतर वाटू लागलं, पण ते नंतरचं आहे.

प्रकल्प छापून आला. मॅडमनी वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या की ज्ञान असं वाटलं पाहिजे, साठवून ठेवणारे समाज मागे पडतात. मी मान खाली घालून बसले होते, आनंदाने.

बाबा लिहिलेलं अडखळत वाचतात. त्यांनी माझा लेख तीन दिवस वाचला. मग ती पानं सुटी करून, जशी ट्रकची कागदपत्रं ठेवायचे तशी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवली. आईकडून गव्हाचं पीठ मळून घेतलं, हळद घालून. पीठ गिरणीवाल्याकडूनच आणलं होतं, बारीक. आणि सकाळी आठला ते फेरीच्या धक्क्यावर गेले.

पूल झाल्यापासून फेरीबोट बंद झाली आहे. तिचा सिमेंटचा उतरता धक्का तेवढा नदीत गेलेला आहे, शेवाळाने हिरवा, खालून तुटलेला. तिथे कपडे धुवायलासुद्धा कुणी जात नव्हतं. बाबांनी त्या उतारावर मण्यांचं आसन अंथरलं आणि बसले. पहिल्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पहिल्या आठवड्यात एक खेकडा आला, तोही गोळा खाऊन गळ सोडून गेला. बांधावरून धक्का स्पष्ट दिसतो, आणि बांधावरचे ते रोज बघत होते.

बाबा एकटेच फसले असंही नाही. माझा लेख कॉलेजच्या मुलांनी फोनवर पाठवला आणि रविवारी मोटरसायकली धक्क्यावर यायला लागल्या. तीन रविवार आल्या, मग बंद झाल्या. बांधाकडे कुणीही फिरकलं नाही. इतक्या वर्षांत बांधाला कुणी घातलं नव्हतं असं कुंपण मी सात पानांत घालून दिलं होतं, तेही कॉलेजच्या खर्चाने. पण मोटरसायकलवाले निघून गेले तरी बाबा राहिले. रोज आठला.

हे सगळं मला कसं कळलं ते सांगते. अंकाची एक प्रत मास्तरांना द्यायची राहिली होती म्हणून मी त्यांच्या घरी गेले. मास्तर बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना मास्तरीणबाय म्हणतो, मागच्या पडवीत एका डब्यात जिवंत सुंगटं निवडत होत्या. सुंगटं म्हणजे कोलंबी. एवढ्या बारीक कोलंबीची कढी करणार का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ही यांच्या गळासाठी, मेलेली लावली की रागावतात.

मी म्हटलं, पण ते तर गव्हाचा गोळा लावतात.

मास्तरीणबायनी डब्यातून हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "गव्हाचो गोळो? तो खंयचो मासो खाता गो? उंदीर खातले."

त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडे होते, रोज पाऊण तासाने पुढे जाणारे. पाढे घोटून घेतलेली मुलगी मी, मला ते आकडे वाचायला वेळ लागला नाही. भरतीच्या वेळा होत्या. माश्याला घड्याळ नसेल, मास्तरांना होतं.

तेवढ्यात ते आले. पिशवीत तांबडी भाजी होती. माझ्या हातातला अंक, बायकोच्या हातातला डबा आणि उघडं कॅलेंडर त्यांनी एकदम पाहिलं. शाळेत चोरी पकडली गेली की मुलं जशी आधी कुठे बघायचं ते ठरवतात तसं त्यांनी ठरवलं, आणि खुर्चीवर बसले. मला भांडता येत नाही. मी एवढंच विचारलं, की सर, असं का.

"मी तुका कधी गणिताचां उत्तर सांगितलां?" ते म्हणाले. "तुझां तुया सोडवलंस. म्हणान आज कॉलेजात आसंस."

"उत्तर कधी सांगितलं नाही, सर," मी म्हटलं. "पण चुकीचं उत्तरही कधी दिलं नाही."

मास्तरीणबाय डबा घेऊन आत गेल्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी इथे नमूद करते, कारण त्यांचीही बाजू आहे. काही वर्षांपूर्वी एक चांगला माणूस आला होता, शहरातला, नम्र, अगदी माझ्यासारखा वही घेऊन. त्याला त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं. त्याने ते फोनवर चित्रफीत करून टाकलं. दोन महिने बांधावर उभं राहायला जागा नव्हती. बाटल्या फुटल्या, मानशीचा दरवाजा कुणीतरी उघडा ठेवला, खारं पाणी शेतात शिरलं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं.

मी म्हटलं, मग लेखात खोटं राहू दे. फक्त बाबांना खरं सांगा. ते रोज तुमच्या शब्दावर बसतात. ते कुणालाही सांगणार नाहीत.

"सगळे असांच म्हणतत," मास्तर म्हणाले. "आज तुझ्या बापाशीक सांगतंय. फाल्यां तो खाणीवरच्या सगळ्या डायवरांक घेऊन येतलो. मगे आमी खंय बसांव?"

अंक टेबलावर ठेवून मी निघाले. त्यांनी तो उचलला की नाही ते पाहिलं नाही.

आता बाबांना सांगायचं होतं. मी आठ दिवस सांगितलं नाही. रोज संध्याकाळी ते यायचे, खिशातली प्लास्टिकची पिशवी काढून देवाच्या फळीवर ठेवायचे, हात धुवायचे. आई काही विचारायची नाही. तिने बाजारातून तांबड्या भाजीची जुडी आणणं बंद केलं होतं, उगाच कुणाला काही वाटायला नको म्हणून. नवव्या दिवशी मी धक्क्यावर गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गोळा, कॅलेंडर, सुंगटं, सगळं. माझी चूक आहे, मी तपासून पाहायला हवं होतं, असंही सांगितलं. मॅडमच्या भाषेत त्याला पडताळणी म्हणतात, हे सांगायची गरज नव्हती, पण तेही सांगितलं.

बाबा पाण्याकडे बघत राहिले.

"माका तिसऱ्याच दिसा कळलां गो," ते म्हणाले. "गोळो पाण्यात पडलो की सुटता. मासो येवच्या आदी पीठ जाता."

"मग इतके दिवस का बसलात?"

"तुझां छापून इलेलां. मी उठान दुसरीकडे बसलंय तर बांधावरची माणसां काय म्हणतली? डायवराच्या चेडवान खोटां लिवलां म्हणतली."

मी खाली बसले. उतारावर बसणं कठीण आहे, माणूस हळूहळू पाण्याकडे घसरतो. बाबांनी आसनाचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. तेव्हा मला आसनाखालचं ट्रिपबुक दिसलं. त्यात रकाने छापलेले होते, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. गेल्या दीड महिन्याचं प्रत्येक पान भरलेलं होतं. सुटण्याच्या रकान्यात पाणी कधी उतरायला लागलं, पोचण्याच्या रकान्यात कधी भरलं. शेऱ्यात, 'खाली मोठी सावली गेली', 'मोठी सावली नाय', 'मोठी सावली, दोन'. रिकामा बसलेला माणूस वीस वर्षांच्या सवयीने ट्रिपा लिहीत होता. त्या धक्क्यावर आठ ते पाच असं रोज कुणीही कधीच बसलं नव्हतं. मास्तरसुद्धा नाहीत. कशाला बसतील, तिथे मासा नसतो हे त्यांना पाठ होतं.

दोन दिवसांनी बाबा आठला निघाले नाहीत. ट्रिपबुक बघितलं, चहा घेतला, परत बघितलं, आणि भलत्याच वेळी निघाले. हातात एक डबा होता. डब्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, आईने मळलेला गोळा घरीच राहिला होता. कुठल्या वेळी निघाले आणि धक्क्याच्या कुठल्या कोपऱ्यात बसले ते मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे.

ते परत आले तेव्हा पिशवीच्या तोंडाशी तांबड्या भाजीची जुडी होती.

आईने जुडी काढली. खाली चोणक होता, माझ्या हाताएवढा लांब, शेपटी दुमडून बसवलेला. आईने तोंडावर पदर धरला. मी वेड्यासारखं विचारलं, "बाबा, गावलो काय?"

"ना," बाबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्या दिवशी ते या गावचे झाले असं मला वाटतं. ज्या गोष्टीसाठी वीस वर्षं पुरी पडली नव्हती ती त्या एका अक्षराने झाली. आमच्या खोलीतून वास गेला. दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. कुणी काही विचारत नाही म्हणजे सगळ्यांना कळलं.

आठवड्याने मास्तर धक्क्यावर आले. गुडघ्यांचं काय झालं ते मला माहीत नाही, उतार ते तरण्या माणसासारखे उतरले. मी बाबांना डबा द्यायला गेले होते. मास्तरांनी पाण्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, भाजीच्या जुडीकडे जरा जास्त पाहिलं.

"गावलां काय?"

"ना."

"पाणीच बरां ना," मास्तर म्हणाले, आणि बाबांना त्यांच्या नावाने हाक मारून निरोप घेतला. ते नाव मी घराबाहेर पहिल्यांदा ऐकलं.

मग गंमतच झाली. गिरणीवाला मला रस्त्यात थांबवून विचारू लागला की तुझे बाबा पिठात हळदीशिवाय आणखी काय घालतात. मी म्हटलं, काका, चिमटभर हळदच, पण पीठ बारीक दळलेलं लागतं. बोटीवरच्याने विचारलं तेव्हा मी त्याला सगळ्या बंदरांची आठवण करून दिली. मला यात मजा वाटली हे मी कबूल करते.

मॅडमना मात्र लेखाचा दुसरा भाग हवा होता. या वेळी नुसती माहिती नको, विचार हवा, असं त्या म्हणाल्या. प्रश्नही त्यांनीच दिला, अनुभवी माणसांनी आपलं ज्ञान नवख्यांना द्यावं का? निष्कर्ष ठाम असावा. मी वही घेऊन घरी आले तर दारात एक स्कूटर उभी होती.

साखळीहून बाबांचा जुना सोबती आला होता, त्यांच्याच खाणीवरचा ड्रायव्हर. त्याच्याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा खाणीवर नवे होते तेव्हा भरलेला ट्रक उतारावरून खाली आणताना ब्रेकवर किती आणि गिअरवर किती ठेवायचा, हे याने शेजारी बसून शिकवलं होतं, सलग पंधरा दिवस, आपली ट्रिप बुडवून. याने सांगितलं नसतं तर मी पहिल्याच पावसात दरीत गेलो असतो, असं बाबा दर पावसाळ्यात म्हणायचे. आता तोही घरी बसला होता. स्कूटरला नवीन गळ बांधलेला होता, दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. त्याने पाणी पाहिलं आणि सरळ विचारलं, त्याला आडवळण येत नव्हतं. कधी बसायचं, कुठे बसायचं, काय लावायचं. तू सांगशील तसं करतो, म्हणाला.

बाबांनी मण्यांचं आसन उचललं, झटकलं, परत अंथरलं.

"हंय काय नाय रे," ते म्हणाले. "खरो मासो थंय बांधार. माका उतारार बसाक बरां वाटता, ट्रकाची सवय, म्हणान मी हंय बसतंय. गव्हाचो गोळो लाय. सकाळी निवांत जा."

तो माझ्याकडे वळला. "बाय, तुया शिकलेली मगे. तुया लिवलेलांय म्हणतत. तुया सांग, खरां मा?"

बाबा पाण्याकडे बघत होते. त्यांची मान मला मागून दिसत होती. बांधावर ज्यांच्या पाठीमागे कुणीतरी स्टेअरिंग फिरवलं होतं ती हीच मान. मी एक शब्द बोलले असते तर त्या माणसाचं थोडं भलं झालं असतं, आणि तेवढं तर आम्ही त्याचं देणं लागत होतो. मी तोंड उघडलंसुद्धा.

"काका, मला माश्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं. "लोक सांगतात ते मी लिहून घेते फक्त."

तो हसला, बरं म्हणाला, आणि बांधाकडे गेला. लांबून दिसलं, गिरणीवाल्याने त्याला स्वतःचा दगड पुसून दिला.

मास्तरांना मी म्हटलं होतं की बाबा कुणालाही सांगणार नाहीत. माझं तेवढं एक विधान पडताळणीत खरं उतरलं.

रात्री जेवताना बाबांनी चोणकाचं डोकं माझ्या ताटात वाढलं. डोकं आमच्या घरी नेहमी त्यांचं. मी नको म्हटलं नाही. "तो तरी कोणाक सांगितल्याबगर रवतलो काय?" ते ताटाकडे बघत म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. आईने आमटी वाढली.

जेवण झाल्यावर मी लेखाचा निष्कर्ष लिहिला. अनुभवी माणसांनी आपलं ज्ञान नवख्यांना मोकळेपणाने दिलं पाहिजे, ज्ञान साठवणारे समाज मागे पडतात, असं लिहिलं. ठाम लिहिलं. हात साबणाने दोनदा धुतले होते, तरी पानाला वास लागलाच.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही घेतली, निष्कर्ष वाचला आणि खूश झाल्या. मग जरा पुढे झुकून म्हणाल्या की त्यांच्या मिस्टरांना गळाची फार हौस आहे, येत्या रविवारी यायचं म्हणतात. तो फेरीचा धक्का तू लिहिलायस, तिथे खरंच मासे मिळतात का?

मी खिडकीबाहेर बघत होते.

"ना," मी म्हटलं.